दहा पावलांवरून परत

इमारतीत त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. तीस वर्षं त्यांनी एका गोदामाच्या दारावर पहारा दिला. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, दहा पावलं जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. घरचं कुलूपही तसंच! त्यापायी लेकीची शाळेची बस किती वेळा चुकली, याची गणतीच नको. निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाला, "तुमच्या काळात काही घडलंच नाही." ते काकांनी मनाला लावून घेतलं. अहो, काही घडू न देणं हेच तर काम होतं!

लेक आता व्हिडिओ गेम बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीत होती. गेम जुन्या काळातल्या एका बंडखोराचा, रानात राहणाऱ्या आणि लपतछपत किल्ल्यात शिरणाऱ्या. किल्ल्यावरचे शिपाई कसे वागतील, कसे लढतील हे ठरवायचं काम लेकीकडे होतं, आणि तिथंच घोडं अडलं होतं. येत्या शुक्रवारी कंपनीत पैसे गुंतवणारी बाई गेम खेळून बघणार होती. तिला शिपाई बावळट वाटले की कंपनीला टाळं आणि लेक घरी.

त्याआधीच्या रविवारी काका चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभे राहिले. पडद्यावर बंडखोरानं खडा फेकला, तसे झाडून सगळे शिपाई खड्याकडे धावले. मग लढाई जुंपली, तर सहा जण गोल करून उभे आणि एकेक जण पुढे येतोय.

"मार खायला रांग लावलीय काय गं यांनी?" काका खेकसले.

"मग खरा पहारेकरी काय करतो, बाबा?"

"आधी घाबरतो! जागेवरूनच ओरडतो, 'कोण आहे?' दोघं असले तर एक बघायला जातो, दुसरा दार सोडत नाही. आणि पगारासाठी मरायची हौस कुणाला असते? एकानं चोराला समोर गुंतवायचं, दुसऱ्यानं मागून जायचं, तिसऱ्यानं घंटा बडवायची."

लेकीनं भराभर लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि तुमचं ते कुलूप?"

"छे, ते आपलं माझं खूळ," काका ओशाळून म्हणाले. तिनं तेही लिहिलं.

शुक्रवारी बाई बंडखोर होऊन पिंपामागे दबा धरून बसली. शिपायानं कुलूप ओढलं, चालू लागला. बाई हळूच बाहेर आली. दहाव्या पावलाला शिपाई वळला! "कोण आहे?" घंटा झाली, तिघांनी घेरलं, खेळ खलास.

"अरे देवा!" बाई खदखदून हसली. "पुन्हा लावा!" जेवणही विसरून ती खेळत बसली, आणि कंपनी तरली.

लेक धावतच घरी आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. "तुमच्यामुळे वाचले हो बाबा! आणि मी लहानपणी किती चिडायचे तुमच्यावर."

"पकडलं ते... त्या माझ्या सवयीनंच?"

"त्याच सवयीनं."

"तीस वर्षांत पहिला चोर," काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

संध्याकाळी दोघं भाजी आणायला निघाली. काकांनी कुलूप ओढलं, जिन्यापर्यंत आले आणि लेकीकडे बघत घुटमळले.

"जा, बघून या," ती म्हणाली. "मी थांबते."