ड्रायव्हरच्या उजवीकडची जागा

आमच्या शेजारचा धनलाल रहांगडाले १९९९पासून देवरी–नवेगाव बांध रस्त्यावर ताडपत्रीच्या छपराची, बिनदरवाजाची जीप चालवायचा. आत बारा माणसं कोंबली, की तेरावं ड्रायव्हरच्या उजवीकडं बसायचं आणि धनलाल अर्ध्या सीटवर तिरपा होऊन गाडी हाकायचा. कुंता मात्र जीप रिकामी असली तरी तिथंच बसायची! आधी सवारी होती, मग त्याची बायको झाली, पण जागा बदलली नाही.

२०१४ साली त्याच्या धाकट्या भावानं, तिलकनं, त्याच जीपचं नवं मॉडेल घरी आणलं. एसी, काचा, प्रत्येकाला वेगळी सीट. जुनीला गिऱ्हाईकही ठरवून टाकलं.

पहिल्या फेरीलाच धनलाल सवयीनं डावीकडं सरकला.

"दादा, काऊन सरकून राहिला?" तिलक हसला.

मागून कुंता म्हणाली, "सरकू नोका आता. तिथं दरवाजा आहे."

 पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बायकोकडं बघायला धनलालला आरसा लागला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, तर जुन्या जीपची किल्ली सापडेना. सगळ्यांत जास्त आरडाओरडा कुंताचाच. "कोठी ठेवली असन बाई!" धनलाल बिचारा खाटेखाली वाकून शोधत होता. शेवटी गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं.

मग या बाईनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"चला, इटियाडोहच्या धरणापर्यंत जाऊन येऊ," ती म्हणाली. "तिलकले सांगू नोका."