सेथच्या फेरेटांचं ब्रेड-दूध

हेस्टर ओल्डरॉइडबद्दल क्रॅगथॉर्प या आमच्या कोळसाखाणीच्या गावात कुणी चांगलं बोललेलं ऐकिवात नाही, आणि तीही कुणाबद्दल चांगलं बोलली नाही. फिटंफाट. खाणकामगारांच्या घरांची जी लांबच लांब रांग आहे, तिच्या अगदी टोकाचं घर तिचं. मागच्या अंगणात कोळशाची खोली, तिच्याशेजारी संडास आणि संडासाच्या भिंतीला टेकवलेला फेरेटांचा पिंजरा. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुळका, उग्र वासाचा प्राणी. सशाच्या बिळात सोडला की ससे जिवाच्या भीतीनं बाहेर पळतात आणि बिळाच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकतात. आमच्याकडच्या पुरुषांना तो बायकोपेक्षा प्यारा. हे उगाच म्हणत नाही. हेस्टरचा नवरा सेथ रोज खाणीवर जाण्याआधी एका छोट्या निळ्या भांड्यात दूध कोमट करायचा, त्यात शिळा ब्रेड कुस्करायचा आणि पिंजऱ्यापाशी उकिडवा बसून "खा गं माझी राणी" म्हणत भरवायचा. बायकोला त्यानं जन्मात कधी चहाचा कप करून दिला नाही.

ब्रेड-दूध हा आमच्याकडचा धर्मच होता. सेथच्या बापानं तेच घातलं, आज्यानंही तेच. कच्चं मांस दिलं की फेरेटाच्या तोंडाला रक्त लागतं, मग ते धन्याचा हात फोडतं. आणि त्याहून वाईट म्हणजे बिळात शिरलं की ससा तिथंच मारतं, खातं आणि उबेला झोपून जातं, असं सगळे मानायचे. याला आम्ही मुक्काम ठोकणं म्हणतो. मुक्काम ठोकलेल्या फेरेटामागं धन्याला अख्खा दिवस खोदत बसावं लागतं आणि खाणकामगारांच्या क्लबात पुढचा हंगाम येईपर्यंत त्याची टिंगल होते. म्हणून ब्रेड-दूध. त्यावर फेरेटं जुलाबांनी हैराण व्हायची, त्यांचे केस गळायचे आणि ऐन तारुण्यात मागचे पाय ओढत ओढत मरायची. सेथ एकेकीला कोबीच्या वाफ्याच्या कडेला पुरायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "जातच नाजूक हो."

हेस्टरनं त्याला एकदाच टोकलं होतं. क्वीनी नावाची त्याची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी बिळात मुक्काम ठोकून बसली आणि खोदखोद खोदूनही सापडली नाही. वसंतात जमीनदाराच्या रानरखवालदारानं ती धरून आणून दिली. हेस्टरनं तिला हातात घेतलं तर चांगली जड लागली. केस दाट आणि चकचकीत, पाय असे घट्ट की सेथच्या हातून तीनदा निसटली.

"रानात कुणी हिला ब्रेड-दूध घालत होतं?" हेस्टरनं विचारलं.

"तू तुझी चूल सांभाळ," सेथ म्हणाला.

क्वीनीला पुन्हा ब्रेड-दूध सुरू झालं. उन्हाळा सरायच्या आत तीही कोबीशेजारी गेली. त्यानंतर हेस्टर या विषयावर अवाक्षर बोलली नाही, पण विसरलीही नाही. विसरणं तिला जमायचंच नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी सेथ छातीत कोळशाची धूळ भरून गेला. त्याच्यामागं पिंजऱ्यात टॉप्सी नावाची एकुलती एक मादी उरली. तिचेही मागचे पाय लटपटायला लागले होते. सेथला पुरून आल्यावर लोक घरात हॅम आणि केक खात होते, तेवढ्यात सेथचा थोरला भाऊ एनॉक काखेत फेरेट न्यायची लाकडी पेटी आणि हातात केक घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला. क्लबात फेरेटांविषयी शेवटचा शब्द एनॉकचा असायचा. पहिलाही त्याचाच, आणि मधले बहुतेक त्याचेच.

"टॉप्सीला न्यायला आलोय," तो म्हणाला.

"कुणी बोलावलं?"

"ओल्डरॉइडांच्या घराण्यातली आहे ती. आमच्या आज्यापासून चालत आलेली. तू बाईमाणूस, तुला काय करायचीय?"

"जगवायचीय. तुम्ही दोघा भावांनी मिळून माझ्या कोबीचं स्मशान केलंत, तेवढं पुरे झालं."

"अन् घालणार काय तिला?"

"ससा. हाडाकातड्यासकट. कच्चा."

एनॉकच्या तोंडचा केक घशात अडकला. "कच्चा? अगं, सैतान होईल तिचा! एकदा बिळात गेली की परत तोंड दाखवायची नाही."

"तुझ्या भावानं तरी मला कुठं दाखवलं? कामावरून आला की सरळ पिंजऱ्याकडे. चल, नीघ."

लोकांसमोर दीर-भावजयीचं हे असं झालं. एनॉकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

आता हेस्टरला वाटलं होतं, मांस समोर ठेवलं की टॉप्सी तुटून पडेल. तिनं रविवारच्या जेवणाला घेतात तसलं उत्तम बिनहाडाचं गोमांस आणलं, बारीक चिरलं, पिंजऱ्यात ठेवलं. टॉप्सीनं ते हुंगलं आणि ती त्यावर मुतली. लहानपणी जे तोंडात पडलं तेच अन्न, बाकी सगळं जग म्हणजे अंथरूण. फेरेटाचं डोकं असंच चालतं आणि क्रॅगथॉर्पच्या पुरुषांचंही. हेस्टरनं तिला उपाशी ठेवून बघितलं तर टॉप्सी मटकन बसली, उठेचना. हेस्टर घाबरली. ती कुणासाठी घाबरलेली याआधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही कुणी पाहू नये म्हणून तिनं आधी फाटकाला कडी घातली.

मग तिनं वाट बदलली. सशाचं काळीज आणि मांस रक्तासकट खलायचं आणि चमचाभर त्या ब्रेड-दुधातच कालवायचं. टॉप्सीनं नाक मुरडलं तर तिच्या ओठांना चोपडायचं, म्हणजे जीभ फिरवावीच लागते. असं करत ब्रेड कमी करत जायचं आणि मांस वाढवत जायचं. टॉप्सीनं तिचे दोन्ही अंगठे फोडले. हेस्टर शिव्या देत चिंध्या बांधायची आणि पुन्हा बोट पुढं करायची. खाटकाकडे ती कोंबड्यांची मुंडकी आणि पाय मागायला लागली.

"मुंडकी कुणासाठी गं, हेस्टर?" खाटकानं चारचौघींत विचारलं.

"दिराला जेवायला बोलावलंय," ती म्हणाली.

शेवटी एकदा टॉप्सीनं सशाचा पाय आपणहून ओढत नेला आणि कुरूकुरू हाड फोडलं. हेस्टर कोळशाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ते ऐकत राहिली. जुलाब थांबले. पाय सरळ पडायला लागले. केस इतके दाट झाले की हात फिरवत राहावंसं वाटे, आणि हेस्टर फिरवतही असे. टॉप्सी उरलेलं मांस अंथरुणात लपवायची. ते कुजून माशा घोंगावल्या की शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची आणि हेस्टर अलीकडून तिच्या नवऱ्याच्या मोज्यांचा उद्धार करायची. एकंदरीत तिचे दिवस फार सुखात चालले होते.

आणि एकाएकी टॉप्सीला पुन्हा जुलाब सुरू झाले. हेस्टरला काही उमगेना. एका सकाळी तिनं टॉप्सीला उचललं तर मिशांना पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. वास घेतला. दूध! दुसऱ्या दिवशी पहाटे ती कोळशाच्या खोलीत दबा धरून बसली. थोड्या वेळानं फाटक हळूच वाजलं. एनॉक आत आला, कोटाच्या खिशातून जॅमची बाटली काढली आणि पिंजऱ्याच्या जाळीतून चमच्यानं ब्रेड-दूध भरवायला लागला. "खा, पोरी, खा. ती बया तुला मारून टाकील."

संडास धुवायची बादली हाताशीच होती. हेस्टरनं ती त्याच्या डोक्यावर उपडी केली.

"चोरा! मेल्या! विष घालतोस?"

"विष तू घालतेयस!" एनॉक निथळत ओरडला. शेजारपाजारच्या खिडक्या धडाधड उघडल्या. "आपल्या घराण्याची फेरेट बिघडवलीस तू! ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सगळा क्लब रेल्वेच्या भरावावर ससे धरायला असतो. हिंमत असेल तर आण तिला. मुक्काम ठोकला तर ती माझी!"

"आणि आली बाहेर तर?"

"तर काय?"

"तर या फाटकाच्या आत तुझा पाय पडता कामा नये. मी मेले तरी."

"मान्य," एनॉक म्हणाला, आणि आपली बाटली मागायला लागला. हेस्टरनं ती दिली नाही.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी भरावावर बायका जात नाहीत. हेस्टर गेली. सेथचाच कोट, सेथचेच बूट, काखेत पेटी. दव गोठून गवत पांढरं पडलं होतं. पुरुष बाजूला सरकले, मान द्यायला म्हणून कुणी टोपीला हात लावला नाही. बिळांच्या तोंडांवर जाळी लागली. एनॉकनं बोट दाखवलेल्या बिळात हेस्टरनं टॉप्सीला सोडलं. जमिनीखाली धडधड झाली आणि एकामागून एक ससे जाळ्यांत येऊन आदळले. मग सगळं सामसूम. टॉप्सी काही येईना.

पुरुष पाईप ओढत उभे राहिले. हेस्टर दगडासारखा चेहरा करून बिळाच्या तोंडाकडे बघत होती. आत टॉप्सी रक्तात तोंड घालून झोपली असेल, एनॉकचं खरं ठरेल आणि ती पुन्हा त्या बाटलीतल्या लगद्यावर जाऊन पाय ओढत मरेल, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

"हिवाळी मुक्काम दिसतोय," एनॉक सगळ्यांकडे बघत म्हणाला. "उशी पाठवायची का आत?" लोक खो खो हसले. त्यानं हातांवर थुंकून फावडं उचललं आणि पहिला घाव घातला. तेवढ्यात त्याच्या पायांमागच्या एका बारक्या बिळातून टॉप्सीनं डोकं काढलं. अंगाला माती होती, पण तोंडाला रक्ताचा थेंब नव्हता. ती हेस्टरच्या बुटापर्यंत आली आणि चढू लागली. पोटभर सशावर वाढलेलीला बिळात जेवायची कसली घाई?

कुणीतरी शिट्टी घातली. एनॉकचं तोंड उतरलं, पण जित्याची खोड. त्यानं बिडी नावाची आपली मादी पेटीतून काढली. "माझ्या बिडीला बघा आता. ब्रेड-दुधावरची आहे," म्हणत त्यानं तिला शेजारच्या बिळात सोडलं. बिडी आत गेली. एक ससा बाहेर आला, दुसरा आलाच नाही, आणि बिडीही आली नाही. थोड्या वेळानं लोकांना थंडी बोचायला लागली. मग तहान लागली. क्लबाकडे जाता जाता एकजण म्हणाला, "उशी पाठवून देतो रे, एनॉक."

हेस्टर मात्र हलली नाही. असा तमाशा सोडून जाणाऱ्यातली ती नव्हे. पेटीवर बसून ती म्हाताऱ्या एनॉकला खोदताना बघत राहिली. दुपार कलली तेव्हा त्याचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि बिडी बाहेर आली. तोंड रक्तानं माखलेलं, पोट तट्ट फुगलेलं. त्यानं तिला गवतावर ठेवलं. ती पुढच्या पायांवर सरकली, मागचे दोन्ही तसेच फरफटत गेले.

"घ्या. कोबीला आणखी खत," हेस्टर म्हणाली.

एनॉक चिखलात गुडघ्यांवर बसला होता. "सेथला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"क्वीनी मेली तेव्हा माझ्याकडे आला होता. म्हणाला, हेस्टर म्हणते तेच खरं आहे, मांसच पाहिजे त्यांना. मी म्हटलं, गप बस, क्लबात तोंड दाखवता येणार नाही आपल्याला. तर म्हणाला, क्लबाचं सोड रे, पण मांस घातलं तर तिला कळेल ना ती बरोबर होती म्हणून. मरेपर्यंत ऐकवील. त्यापेक्षा ब्रेड-दूधच बरं."

हेस्टरच्या डोळ्यांपुढं तो पाठमोरा सेथ आला, रोज पिंजऱ्याशी उकिडवा बसणारा, सगळं समजून उमजून कुस्करणारा. तिला इतका राग आला की दात करकरायला लागले. आणि रागाच्या तळाशी लाज होती, कारण मरेपर्यंत ऐकवलं असतं तिनं. नक्की ऐकवलं असतं.

"दे ती इकडे," ती म्हणाली.

"बिडी माझी आहे."

"होती. आणि फाटकाचं काय ठरलंय ते ध्यानात ठेव."

बिडीला कोटात गुंडाळून ती निघून गेली. बिडी धडपणे चालायला काही लागली नाही, पण वसंतापर्यंत उभी राहून चावण्याइतकी झाली. एनॉक संध्याकाळी गल्लीत येऊन फाटकाबाहेरून पिंजऱ्याकडे बघत उभा राहायचा. हेस्टर त्याला आत घेत नसे. हाकलतही नसे, एवढंच.

सेथचं ते निळं भांडं तिनं फेकलं नाही. दर रविवारी ती त्यात दूध कोमट करते, शिळा ब्रेड कुस्करते, पदराखाली झाकावं तसं शालीखाली धरून चॅपलमागच्या दफनभूमीत नेते आणि सेथच्या दगडापाशी ठेवते. एकदा धर्मगुरूंच्या बायकोनं ते पाहिलं. तिला भरून आलं.

"किती जीव होता गं तुझा त्याच्यावर! त्याच्या आवडीचं आहे का ते?"

"हो ना," हेस्टर म्हणाली. "याच्यापुढं त्याला दुसरं काही सुचायचं नाही."

आणि ती बाई दूर जाईपर्यंत थांबून, कबरीशी उकिडवी बसत तिनं भांडं पुढं सरकवलं. "खा रे माझ्या राजा."