एस्टोनियातल्या कंपनीचा नारळ

आमच्या देवापुढे एक अख्खा नारळ आहे. तो ताईच्या कंपनीचा. ताई सुट्टीच्या दिवशी मुलांसाठी गोष्टींचं अ‍ॅप बनवते. नोकरीत दुसऱ्या धंद्याला बंदी, म्हणून ऑफिसात कळू नये अशी कंपनी ऑनलाइन, दूर युरोपातल्या एस्टोनियात नोंदवली. आईने कौतुकाने लॅपटॉपला हळदकुंकू लावून नारळ उचलला, तसा ताईने तिचा हात धरला.

"फोडू नकोस! खाली आमचे साहेब राहतात. विचारतील, कसला नारळ?"

"मग काय, सुरीने कापू?"

आठवड्याचे पाच दिवस विकत घेणाऱ्या कंपन्या नोकरांच्या रविवारावरही मालकी सांगतात, ही उघड लूट आहे, असं मी कामगार संघटनेच्या पत्रकांतून ठणकावतो. म्हणालो, "फोड गं आई, होऊ दे आवाज!"

"नोकरी गेली तर तुझी पत्रकं खायची का?" ताई म्हणाली.

मी आईच्या हातातला नारळ घेतला आणि आवाज होणार नाही इतक्या हळू देवापुढे ठेवला.