माळ्यावरचा देव

आमच्या मुलीला मी कलेची गोडी लावली, आणि त्यापायी देवळाली कॅम्पातलं भाड्याचं घर जायची वेळ आली.

साल अठ्ठ्याण्णव असेल. मुक्ता सहा वर्षांची. ऑफिसातल्या एकाने मला थोर चित्रकारांवरचं पुस्तक दिलं, आणि मला चैन पडेना. (मला स्वतःला आंबासुद्धा जमत नाही, त्याचं वांगं होतं.) रोज जेवताना व्याख्यान! एका रविवारी सांगितलं, "एका चित्रकाराने म्हणे उताणं पडून अख्खं छत रंगवलं. एवढा मोठा देव काढला!"

"आई रागावली नाही त्याला?"

"थोर लोकांना कोणी रागावत नाही."

त्याच संध्याकाळी घरमालक सुभेदारकाका येणार होते. करार संपलेला, आम्हाला ठेवायचं की नाही, ते घर बघून ठरवणार होते. भिंतींना नवा चुना, आणि खिळा ठोकायलाही त्यांची परवानगी लागायची! बायको बिस्किटं आणायला बाजारात गेलेली. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"मुक्ता, फ्रॉक बदललास का?"

"ओऽ!" आवाज वरून आला.

शिडी माळ्याला लावलेली. माळ्यावर गाद्यांच्या ढिगावर मुक्ता उताणी, हातात माझा दाढीचा ब्रश. छतावर हळदीचा पिवळाधमक देव; त्याला बूटपॉलिशच्या झुबकेदार मिशा!

"अगं, काय केलंस हे!"

"कुंकू संपलं बाबा."

ओलं फडकं घेऊन मी वर चढलो. देवाचा पाय पुसायला गेलो, तर तिथे शेणकाला झाला. आणखी पुसलं, तो आणखी पसरला! त्या झटापटीत माझा पाय शिडीला लागला. धाडकन शिडी खाली!

तेवढ्यात दारातून आवाज. "कुलकर्णी, आहात का?"

"आहे!"

"कुठे?"

"वर!"

सुभेदारकाकांनी शिडी उचलून लावली आणि स्वतःच चढले. आधी टोपी दिसली, मग मिशा. थेट देवाच्या मिशांसारख्याच! त्यांनी छताकडे पाहिलं, सावकाश स्वतःच्या मिशीवर हात फिरवला.

"हे कोणी काढलं?"

"देव मी काढला," मुक्ता म्हणाली.

"आणि हा चिखल?"

"तो बाबांनी."

सुभेदारकाका म्हणाले, "पोरीचा देव राहू द्या. तुम्हीही राहा. पण कुलकर्णी, तुमचं तेवढं चुन्याने झाकून टाका. बघवत नाही."

बायको बिस्किटं घेऊन आली, तेव्हा सुभेदारकाका खुर्चीत, मी माळ्यावर उताणा, तोंडावर चुन्याचे थेंब, आणि खालून मुक्ता ओरडत होती, "बाबा, रेषेच्या बाहेर जाताय!"