टॉसचं चांदीचं नाणं

आम्ही ज्यांना 'तवा सर' म्हणायचो, त्यांना कधी थंड पाहिलं नाही. हरसूलच्या मैदानावर ते आम्हा मुलींना कबड्डी शिकवायचे, आणि पहिल्या शिट्टीपासूनच तापलेले असायचे. चढाईत कुणी 'कबड्डी, कबड्डी' नुसतं पुटपुटली की ओरडायचे, "कानात काय सांगतेस? गुपित आहे का?"

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात नाशिकच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना चांदीचं स्मारक नाणं दिलं. शाल, भाषणं, मखमली डबी. दुसऱ्याच दिवशी सरांनी ते ट्रॅकपँटच्या खिशातून काढलं. "सिंह म्हणजे छापा, पंच्याहत्तर म्हणजे काटा. यापुढे टॉस यानेच." मी कर्णधार. चांदी म्हणजे लक्ष्मी, म्हणून मी ते कपाळाला लावलं. सर भडकले. "पाया काय पडतेस? उडव!"

नाशिकच्या स्पर्धेला आमची एसटी घाटात बंद पडली. पोचलो तोवर समोरच्या संघाला पुढे चाल देऊन झाली होती. मी म्हटलं, "सर, येष्टीच बंद पडली, आम्ही काय करणार?" आयोजक हसत म्हणाले, "पाड्यावरच्या पोरींचं असंच असतं."

"असंच म्हणजे कसं?" सरांनी विचारलं. मग ते मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "टॉस झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही." शेवटी समोरची कर्णधारच पुढे आली. म्हणाली, आम्हाला खेळायचंय. नाणं उडालं, मातीतल्या खडीवर आपटलं, त्यावर आणखी एक ओरखडा पडला. आम्ही सपाटून हरलो. परतीच्या वाटेवर सरांनी आमची सालटी काढली. "आज हरलात ते तुमच्या पायांमुळे. एसटीमुळे नाही. लक्षात ठेवा."

गेल्या वर्षी सर गेले. आता त्याच मैदानावर मी शिकवते. यंदा मुलींचे सामने ठरले, तेव्हा ते नाणं मागायला मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलाने प्रेमाने बसवलं, चहा दिला.

"ताई, ते आता देवघरात असतं. बाहेर नाही देता येणार. बाबांनी पार खराब केलं होतं. सराफाकडून पॉलिश करून आणलं, एक ओरखडा राहिला नाही."

सिंहांवर हळदकुंकू होतं. माझं डोकं फिरलं. शहरात जपून वापरलेली माझी भाषा कुठल्या कुठे गेली. चहा तसाच ठेवून मी उठले.

"लय वाईट केलं तुम्ही, दादा. ते वरखाडे आमचे व्हते."