बिराजदार सरांचा सुळका

बिराजदार सरांना कोणाच्या पुढे वा मागे चालता येत नसे. शुक्रवार पेठेतून मी संतापाने टपालपेटीकडे निघालो, आणि माझे संतापाने निघणे नित्याचेच होते, की ते कुठूनसे येत आणि नेमक्या माझ्या वेगाने शेजारून चालू लागत.

"आज कुणाला नोटीस, वकीलसाहेब?"

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत आणि सुट्टीत परगावच्या प्रयोगशाळेत जात. पुष्कळ इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, म्हणजे आयन, प्रचंड वेगाने वायूच्या अणूंवर सोडायचा. धडकेत उडालेल्या इलेक्ट्रॉनांचे वेग मोजायचे, हे त्यांचे काम. १९७०च्या सुमारास त्यांच्या आलेखात, जिथे काही अपेक्षित नव्हते तिथे, नेमक्या आयनाच्या वेगापाशी, एक टोकदार सुळका उभा राहिला.

"काही इलेक्ट्रॉन आपल्या अणूत राहत नाहीत, आयनाच्या हातीही लागत नाहीत," ते हातवारे करीत सांगत. "त्याच्याच वेगानं शेजारून चालतात बघा!"

"तुमच्यासारखे."

"व्हय की!"

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मात्र तो यंत्राचा दोष ठरवला. सुळका वगळून आलेख छापू, सही करा, असे त्यांनी फर्मावले. सरांनी सही नाकारली. पुरावा दडपण्याच्या या प्रकाराविरुद्ध मी त्याच दिवशी चार पानी नोटीस लिहिली. सरांनी ती चालता चालता वाचली.

"ह्यात राग लई आहे, साहेब. माझा वायू दाट असेल, तर एकच आयन दोन अणूंना धडकला असेल आणि सुळका त्यातूनच आला असेल. दोन ठिकाणी पढवलेला साक्षीदार तुम्ही धरता का?"

"मुळीच नाही."

"मग आधी वायू विरळ करून बघू द्या की."

यंत्र पुन्हा मिळेपर्यंत वर्ष गेले. त्या वर्षात सर कोणाकडे खुर्चीवर टेकल्याचे मला आठवत नाही. चहासुद्धा उभ्याने, बशी हलवीत. अखेर ते प्रयोगशाळेत गेले. परतताना गाडी पुरती थांबण्याआधीच फलाटावर उतरले आणि ओरडले, "राहिला! वायू विरळ केला, तरी सुळका राहिला!"

लेख लिहून व्हायच्या आत परदेशी नियतकालिकाचा अंक आला. तिकडच्या लोकांनी तोच सुळका छापला होता.

"अग्रहक्क तुमचा आहे!" मी गरजलो. "त्या प्रमुखांना मी कोर्टात उभे करीन!"

"अहो, दोन साक्षीदार एकमेकांचं तोंड न बघता एकच सांगतात. निकाल आपल्याच बाजूनं लागला की! तुम्ही आरोपी कशाला शोधताय?"

ते हसले. मात्र त्या संध्याकाळी टपालपेटीपर्यंत ते माझ्या एक पाऊल मागे चालत होते. मी वेग कमी केला, तरीही.

काही वर्षांनी सर गेले. शोकसभेत प्राचार्य हळहळले, "एवढे हुशार, पण शर्यतीत मागे राहिले."

मी उठून उभा राहिलो.

"हरकत आहे," मी म्हणालो. "सर मागे राहिले नाहीत. सर बरोबर चालत होते. नोंद दुरुस्त व्हावी."