भागवतभाऊंची चौकशी

पडदा वर जातो. डोणगावातली एक ओसरी. उजवीकडे ज्वारीची पोती, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, आणि मधोमध भागवतभाऊ, हातातल्या फोनकडे डोळे वटारून. धामणगाव बढ्याच्या पाहुण्यांनी नुकताच नकार कळवला होता. भागवतभाऊंच्या मुलीला, श्रद्धाला, लग्नासाठी आलेला हा आणखी एक नकार.

मी समोरच बसलो होतो. आयुष्यभर खलनायक रंगवले, पण संशयाचा असा चेहरा मला कधी जमला नाही.

भागवतभाऊ अडतीवर धान्य तोलणारे मापाडी. बाजारातून आणलेली वांगीसुद्धा घरी पुन्हा तोलत. माणूस मात्र दिलदार. आमच्या नाटकाच्या तालमींना गावात कोणी जागा देईना, तेव्हा हीच ओसरी त्यांनी मोकळी करून दिली होती.

"हा शेषरावच मोडता घालून राह्यला," ते कुजबुजले. शेषराव त्यांचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत. "पाहुणे आले की हा अंगनात दात कोरत उभा! काऊन?"

तेवढ्यात शेषरावच तणतणत आत आला.

"काय करून राह्यला बे तू? धामणगाव माह्या सासरचं गाव. तिथून फोन आला मले. पोराची चौकशी त्याच्या मास्तरापाशी, न्हाव्यापाशी, पानटपरीवर! खर्रा खाते का, घरात कोन कोनाशी भांडते! पोराचा बाप म्हने, आम्ही पोरगी पाह्यली का पोलीस केस लावून घेतली?"

"मंग डोळे मिटून देऊ? अक्काचं काय झालं, इसरला?"

अक्का म्हणजे थोरली बहीण कौशल्याबाई. दारुड्या नवऱ्याच्या घरून वर्षाच्या आत परतली, ती इथंच राहिली. तेव्हा भागवतभाऊ शाळकरी होते. बापानं चौकशी केली नाही म्हणून हे झालं, अशी गाठ त्यांनी तेव्हापासून मनात बांधून ठेवली होती.

कोपऱ्यात ज्वारी पाखडणाऱ्या कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"बाबानं चौकशी केली होती, भागवत. तो पिते हे त्यायले ठाव होतं. लग्न झाल्यावर सुधरन म्हने. मलेच तेवढं कोनं इचारलं नाही."

शेषराव चप्पल काढून सतरंजीवर बसला.

भागवतभाऊ उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"श्रद्धे, तुले कसा वाटला व तो धामणगावचा गजेंद्र?"

"आता इचारून राह्यले बाबा? नकार आल्यावर?"

"सांग तं."

भांड्यांचा आवाज थांबला. "चांगला होता. माह्याशी बोलताना त्याच्या हातातली बशी हालत होती. पन खोटं नाही बोलला काही."

भागवतभाऊंनी तिथंच उभ्या उभ्या धामणगावला फोन लावला. पलीकडचं माणूस तडकलं असावं, कारण त्यांनी फोन कानापासून लांब धरला, मग दोन्ही हातांनी परत जवळ घेतला.

"ठेवू नका, पाहुणे. आता काहीच इचारत नाही. माह्या पोरीले तुमचा पोरगा पसंत हाय, तेवढं सांगायले केला फोन."